शंका-समाधान : बारीक फटीतलं पाणी

प्रश्न : नववीच्या मुलांना केशाकर्षण (बारीक नळीत पाणी आपोआप वर चढणं) दाखवताना नळीत पाणी सूत्राने येतं त्याच्या निम्मंच चढतं. काय चुकत असेल? – एक शिक्षिका, देवगड

निम्मंच म्हणताय, तर पहिला संशय साबणावर. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पृष्ठभाग आखडून धरणारी ओढ, २५ अंश सेल्सिअसला दर मीटरला ०.०७२ न्यूटन असतो. भांडी घासायच्या द्रवाचा अंश नळीत राहिला तर तो ०.०३ च्या आसपास उतरतो, आणि उंचीही त्याच प्रमाणात. दुसरा संशय बोटांवरच्या खोबरेलाचा. काच ओली करण्याच्या ओढीवरच पाणी चढत असतं; तेलकट काचेवर ती ओढ लुळी पडते.

खरं तर नळ्या आतून धुणं कटकटीचं. त्याऐवजी सूक्ष्मदर्शकाच्या ७५ × २५ मिमीच्या दोन स्लाइड घ्या. साबणाने धुवून वाहत्या पाण्याखाली निदान मिनिटभर धरा, शेवटी डिस्टिल्ड पाणी ओता आणि उभ्या ठेवून वाळू द्या. फडक्याने पुसलंत तर सगळी मेहनत वाया. लांब कडांपैकी एका बाजूला स्लाइड एकमेकींना टेकवा, दुसऱ्या बाजूला जुन्या एटीएम कार्डाची कातरलेली पट्टी (जाडी ०.७६ मिमी) घाला, वर-खाली रबरबँड लावा आणि बशीतल्या पाण्यात उभ्या धरा. पाण्यात खायच्या रंगाचा थेंब चालेल, शाई नको. तिच्यात पृष्ठताण कमी करणारं काही असू शकतं.

फटीची रुंदी मिमीमध्ये घेऊन १४.७ ला तिने भागलं की उंची मिमीमध्ये मिळते. म्हणजे पट्टीच्या कडेला बशीतल्या पातळीपासून सुमारे १९ मिमी, मध्यावर ३९, आणि टेकलेल्या कडेजवळ पाणी थेट स्लाइडच्या टोकाला भिडतं. पाण्याची कड जी वक्ररेषा काढते ती अपास्त (हायपरबोला). मुलांना आलेखकागदावर उतरवून घ्यायला सांगा, गणिताच्या तासालाही उपयोगी पडेल.

प्रश्न : ग्लुकोमीटरची पट्टी कधीकधी रक्त अर्धवटच ओढते आणि एरर येते. पावसाळ्यात हे जास्त होतं का? – एक वाचक, रत्नागिरी

पट्टीच्या तोंडाशी केसाएवढ्या उंचीची वाट असते. रक्त लागतं साधारण अर्धा ते एक मायक्रोलिटर. पंप नाही, झडप नाही. आतल्या पाणीओढ्या थरावर रक्त आपणहून पसरत जातं. मात्र ते आत यायचं तर आतली हवा बाहेर पडायला हवी, आणि त्यासाठी बारीक छिद्र किंवा उघडी कड ठेवलेली असते. थेंब वरून थापला, तर काही पट्ट्यांमध्ये तीच बुजते. म्हणून पट्टीचं तोंड थेंबाला नुसतं टेकवायचं आणि मीटरने खूण देईपर्यंत हलवायचं नाही.

थेंब कमी पडला म्हणून दुसरा लावला तर दोन्हींच्या मधे हवा कोंडते. या मापाच्या वाटेत बुडबुड्याला वर तरंगून सुटायला वाव नसतो. मागून ढकलायला कोणी नाही, म्हणून तो तिथेच. माहितीपत्रकात दुसरा थेंब चालेल असं लिहिलं नसेल, तर नवी पट्टी घ्या. शिवाय वाट जितकी अरुंद तितकी ओढ जास्त, पण घर्षण त्याहून जास्त, त्यामुळे रक्त सावकाश सरकतं. आडव्या अरुंद वाटेत द्रव चौपट वेळात दुप्पटच अंतर कापतो, हा एडवर्ड वॉशबर्न या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाचा १९२१ चा नियम.

पावसाळ्याचं म्हणाल, तर दमट हवेने पट्टीवरचं विकर (एन्झाइम) आणि आतला थर दोन्ही खराब होतात. डबीतच आर्द्रता शोषणारा पदार्थ बसवलेला असतो, म्हणून पट्टी काढली की झाकण लगेच लावा आणि पट्ट्या दुसऱ्या डबीत काढून ठेवू नका. हात धुवून पूर्ण कोरडे करा: ओल्या बोटावर थेंब गोल न राहता पसरतो. आणि आंब्याचा रस लागलेल्या बोटाची साखर आंब्याची असते!

प्रश्न : चिऱ्याच्या भिंतीला हातभर ओल होती. सिमेंटचा गिलावा केला, तर ओल त्याच्याही वर गेली. – एक वाचक, मालवण

चिरा म्हणजे जांभा दगड. त्याची डोळ्यांना दिसणारी भोकं यात निर्दोष आहेत. २ मिमी त्रिज्येच्या भोकात पाणी जेमतेम ७ मिमी चढेल. चढवतात ती न दिसणारी रंध्रं आणि चिऱ्यांमधले चुन्या-मातीचे सांधे; ०.०१ मिमी त्रिज्येला हिशेब दीड मीटरपर्यंत जातो. प्रत्यक्षात ओल जिथे थांबते तिथे खालून येणारं पाणी आणि वाऱ्याने सुकणारं पाणी सारखं झालेलं असतं. गिलाव्याने सुकण्याची जागा झाकली, मग पाणी आणखी वर गेलं. सिमेंट खरवडून चुन्याचा गिलावा करा. जोत्याच्या पातळीला ओलप्रतिबंधक थर आहे का, तेही पाहा.

खाऱ्या वाऱ्यातलं किंवा वाळूतलं मीठ भिंतीत असेल, तर हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की ते स्वतःच पाणी ओढतं. अशी भिंत जमिनीतून ओल न येताही पाझरते. वर फुललेलं मीठ कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा. पाण्याने धुतलंत तर ते विरघळून त्याच रंध्रांतून परत आत जाईल.