लडाखच्या आधी तोरणमाळ करा भाऊ

भाऊ, चौघं मित्र जळगावहून बाईकवर लडाखला निघताय, मस्त, पण गाडीच्या आधी पैशाचं बघा. स्पॉन्सर शोधत फिरू नका, आपल्याकडचा दुकानदार फार तर टायरवर सूट देईल नाहीतर स्टिकर हातात ठेवेल. त्यापेक्षा भिशी लावा. महिन्याला प्रत्येकी २,००० टाकले तर १० महिन्यांत ८०,००० होतात, आणि हिशोब सगळ्यात चिकट मित्राकडे द्या, आमच्या वेळी दिलदाराकडे दिला अन् अर्धे पैसे निघायच्या आधीच पार्ट्यांत गेले.

नवशे हमखास चुकतात ते एवढंच:
- रोज ६०० किलोमीटरचा प्लॅन. ३५० खूप झाले, अंधार पडला की थांबायचं.
- निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग. १५ दिवस आधी करा आणि मग सामान लादून तोरणमाळचा घाट चढून या, ब्रेक अन् कंबर दोन्ही कळतील.
- प्रीपेड सिम. दुसऱ्या राज्याचं तिकडे चालत नाही, निदान एकाकडे तरी पोस्टपेड हवं.

क्लच केबल अन् ट्यूब जास्तीची घ्या, कपडे कमी. लेह ३,५०० मीटरवर आहे, पोचल्यावर दोन दिवस नुसतं पडून राहा. जॅकेट-कॅमेऱ्याचं नंतर सांगतो, आधी भिशी सुरू करा.