‘मिल्क’ पाहिलास, पण लगेच काही ठरवू नकोस

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

हार्वी मिल्क या अमेरिकेतल्या समलिंगी नेत्यावरचा ‘मिल्क’ चित्रपट पाहिलास आणि येत्या रविवारी आई-बाबांना समोर बसवून, तू समलिंगी आहेस हे सगळं सांगून टाकायचं ठरवलंस, असं तू लिहितोस. सांगू नकोस असं मी कधीच म्हणणार नाही. पण चित्रपट संपल्यावर जो आवेग येतो, त्या आवेगात सांगू नकोस. तो चार दिवसांत ओसरतो. त्यानंतरही ऐरोलीच्या त्या वन बीएचकेमध्ये त्याच दोघांबरोबर तुला रोज जेवायला बसायचं असतं.

तुझ्या मनात मिल्कचं शेवटचं वर्ष बसलंय, ते साहजिक आहे. २७ नोव्हेंबर १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर मॉस्कोनी यांना आणि त्याला सिटी हॉलमध्येच गोळ्या घातल्या गेल्या आणि रात्री हजारो माणसं मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर उतरली. मलाही ते बघताना रडू आलं. पण ती हजारो माणसं त्या एका रात्रीत जमली नव्हती, हे लक्षात घे.

चाळिशीपर्यंत हा माणूस न्यूयॉर्कमध्ये सुटाबुटातली नोकरी करत होता. सॅन फ्रान्सिस्कोला येऊन कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्याचं दुकान टाकलं आणि ते दुकान म्हणजे गल्लीचा कट्टा झाला. १९७३ ला निवडणुकीत पडला, १९७५ ला पडला, १९७६ ला पडला. बिअर वाहणाऱ्या ट्रकचालकांच्या युनियनने एका बिअर कंपनीविरुद्ध मदत मागितली, तेव्हा त्याने गे बारमधून त्या कंपनीची बिअर बंद करवली. बदल्यात मागितलं काय, तर समलिंगी मुलांना ड्रायव्हरच्या नोकऱ्या! अखेर १९७७ मध्ये तो शहराच्या नगरमंडळावर निवडून आला. तोवर सगळं शहर मिळून सगळे सदस्य निवडायचं, त्या वर्षी प्रभागवार मतदान झालं. पॅनल पद्धत आणि एक सदस्याचा प्रभाग यात काय फरक पडतो, हे ठाणे-नवी मुंबईच्या माणसाला समजावायला नको. निवडून आल्यावर त्याने समलिंगींच्या हक्कांचा ठराव पुढे नेलाच, शिवाय कुत्र्याची घाण मालकानेच उचलायची हा नियमही आणला. चित्रपटाने या रोजच्या कामाला आणखी जागा द्यायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे. शेजाऱ्याची अडचण सोडवणारा माणूस समलिंगी निघाला, तरी शेजारी त्याला सहजासहजी सोडत नाही.

प्रपोझिशन सहा तर मी शिक्षिका म्हणून श्वास रोखून पाहिलं. कॅलिफोर्नियात समलिंगी शिक्षकांना सरकारी शाळांतून काढून टाकायचं, आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांनाही, असा मतदारांपुढे ठेवलेला तो प्रस्ताव. सुरुवातीला तो सहज मंजूर होईल असंच चित्र होतं. मी आयुष्यभर ठाण्यात मराठी शिकवलं. स्टाफरूममध्ये कोण कुणाबद्दल काय कुजबुजतं, ते ऐकत आले. अशा कायद्याने पहिला बळी कोणाचा जातो, हे मला सांगावं लागत नाही. मिल्क आणि त्याचे सोबती दारोदार फिरले, सभांमधून त्या प्रस्तावाच्या कर्त्याशी वाद घातले. ७ नोव्हेंबर १९७८ ला तो प्रस्ताव पडला. घरी, मित्रांना, कामावर, सगळीकडे सांगा, असा मिल्कचा धोशा होता तो याच दिवसांत. ज्याच्या ओळखीत एक तरी समलिंगी माणूस आहे, तो त्याच्याविरुद्ध मत देताना थांबतो, हा त्यामागचा हिशेब. ती हाक एका मोहिमेची होती. ती देणारा एकटा नव्हता आणि ऐकणाऱ्यांच्या मागे अख्खी गल्ली उभी होती.

त्यातला तो फोनचा प्रसंग आठव. मिनेसोटाहून एक मुलगा फोन करतो, आई-वडील मला ‘बरं’ करायला हॉस्पिटलात नेणार आहेत म्हणतो. मिल्क सांगतो, घर सोड, बस पकड, मोठ्या शहरात जा. कॅमेरा मागे येतो तेव्हा मुलगा व्हीलचेअरवर दिसतो. दूर बसून सल्ला देणाऱ्याला ती खुर्ची दिसत नसते. म्हणून मी तुला विचारते आहे, सांगत नाही. बाबांच्या गृहकर्जात तुझं नाव आहे का? पगार कुठल्या खात्यात जातो? त्या रात्री घराबाहेर पडावं लागलं, तर कुठे जाशील? आत्याला अंदाज आहे, असं तू मागे म्हणाला होतास. तिला आधी सांगितलंस, तर ती आईशेजारी बसेल का?

कायदा आता तुझ्या बाजूला आहे, निदान बराचसा. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा फास काढला. लग्नाचा हक्क मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने दिला नाही. पण नुसत्या निकालावर विसंबू नकोस. डॉ. श्रीनिवास सिरस आपल्याच भाषेचे कवी, अलीगढच्या विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. फेब्रुवारी २०१० मध्ये ते एका पुरुषासोबत असताना लोक त्यांच्या घरात घुसले, चित्रीकरण केलं, विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. आठवडाभरात ते घरात मृतावस्थेत सापडले. कोर्ट त्यांच्या बाजूने होतं, पण अवतीभवती माणसं नव्हती. मराठीची शिक्षिका म्हणून ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

तेव्हा आधी माणसं जोड. समलिंगींसाठी काम करणाऱ्या सांताक्रूझच्या हमसफर ट्रस्टमध्ये एकदा जाऊन ये, १९९४ पासून ते या कामात आहेत. आईसाठी बिंदुमाधव खिरे यांचं मराठी लेखन मिळव. पुण्यात त्यांनी वर्षानुवर्षं याच विषयावर साध्या भाषेत लिहिलंय. तुझी आई इंग्रजी पुस्तक हातात धरणार नाही, पण मराठी रात्रभर वाचेल.

दोन गोष्टी मात्र ठाम सांगते. आई डॉक्टरकडे चल म्हणाली, तर समुपदेशनाला खुशाल जा. पण ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नकोस. असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. आणि मामा डोंबिवलीचं जे स्थळ घेऊन येतायत, त्याला आत्ताच नकार दे. कारण सांगायची गरज नाही, ‘इतक्यात लग्न करायचं नाही’ एवढं पुरे. आई कितीही रडली, तरी त्या मुलीच्या आयुष्याशी खेळायचं नाही. पत्रिका जुळवून, साखरपुडा उरकून मग सांगणं हा क्रूरपणा आहे. माझा विद्यार्थी असं करणार नाही, असा माझा विश्वास आहे.

या रविवारी घरी विषय काढू नकोस, माझ्याकडे ये. मार्कशीट, आधार, पॅन, पासपोर्ट यांच्या झेरॉक्स आण, माझ्या कपाटात एक संच राहू दे. आत्याला फोन कसा करायचा, ते बसून ठरवू. ती तयार झाली, तर तिच्या घरीच आईला बोलावू. मी येऊ का, तेही तूच सांग. तुझ्या आईची आणि माझी पालकसभेपासूनची ओळख आहे, ती उपयोगी पडत असेल तर मी नक्की येईन.

तुझ्या बाई
नौपाडा, ठाणे