शुश्रूषा केंद्रात पेशंटचा मृत्यू झाला तर नर्सने नोट्स कशा लिहायच्या?

तुम्ही विचारलंय की नाशिकमधल्या शुश्रूषा केंद्रात नुकत्याच लागलात, रात्रपाळीत एक आजोबा गेले आणि सकाळी इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, 'नोट्स नीट नाहीत.' नीट म्हणजे काय, हा तुमचा प्रश्न. मी याच शहरात बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांची सेवा करते, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी माझी चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका आजींच्या फाइलमध्ये लिहिलं होतं, 'झोपेत शांतपणे गेल्या.' त्यांच्या मुलाने ते वाचलं आणि मला विचारलं, "सिस्टर, तुम्ही तेव्हा जवळ होतात का?" मी नव्हते. दुसऱ्या खोलीत डायपर बदलत होते. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून डोळ्यांनी पाहिलं, हाताला लागलं, तेवढंच मी लिहिते.

म्हणजे साधारण असं: 'पहाटे ४.१०. राउंडला गेले. हाकेला, हलवल्यावर प्रतिसाद नाही. छाती हलत नाही. मानेची नाडी लागत नाही. डोळ्यांच्या दोन्ही बाहुल्या मोठ्या, टॉर्चच्या उजेडाला आकसत नाहीत. हातपाय गार. याआधी २.२० ला पाहिलं होतं, तेव्हा श्वास चालू, कूस बदलली, दोन चमचे पाणी दिलं, गिळलं. ४.१२ ला डॉक्टरांना फोन.' सीपीआर (छाती दाबून हृदय पुन्हा चालू करायचा प्रयत्न) दिला तर कधी सुरू केला, कधी थांबवला ते लिहा. दिला नसेल तर का नाही तेही लिहा. डॉक्टर आणि घरच्यांनी आधी ठरवून फाइलमध्ये लिहून ठेवलं असेल, तर त्या पानाचा उल्लेख करा.

शेवटचं कधी पाहिलं, ही ओळ सर्वांत महत्त्वाची. घरचे तीच शोधतात. दोन तासांचं अंतर पडलं असेल तर तसंच दिसू द्या. मृत्यू किती वाजता झाला याचा अंदाज मात्र बांधू नका. डिसेंबरात नाशिकच्या थंडीत खिडकीजवळच्या खाटेवरचं माणूस लवकर गार पडतं, त्यावरून वेळ काढता येत नाही. मृत्यू घोषित करणं डॉक्टरांचं काम आहे. ते किती वाजता आले, ईसीजी काढला का, किती वाजता घोषित केलं, हे वेगळ्या ओळीत लिहा. तुम्हाला कळलेली वेळ आणि घोषित केलेली वेळ कधीच एक करू नका.

घरच्यांना फोन कोणी केला, कोणी उचलला, कितीदा लागला नाही, तेही वेळेसकट लिहा.

काही राहिलं तर आधीच्या ओळींत घुसवू नका. खाली 'उशिरा नोंद' म्हणून लिहायच्या वेळेची तारीख टाकून सही करा. चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर अजिबात नको.

आजोबा आधी पडले असतील, हाड मोडलं असेल किंवा अंगावर न समजणारी खूण असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. पोलिसांना कळवायची वेळ आली तर नळी, कॅथेटर (लघवीची नळी), सुई काही काढायचं नाही. बाकी वेळी काढलं की काय काढलं ते लिहायचं. पेसमेकर (हृदयाचे ठोके नीट ठेवणारं, छातीत बसवलेलं यंत्र) असेल तर मोठ्या अक्षरात लिहा, तो दहनाआधी काढावा लागतो. नेत्रदानाची इच्छा असेल तर नेत्रपेढीला लगेच फोन, कारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात.

मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टर देतात. रुग्णालयातल्या मृत्यूला नमुना ४, बाहेरच्याला ४-अ. त्यात नुसतं 'हृदय बंद पडलं' चालत नाही, मूळ आजार लागतो, आणि तो ठरवताना डॉक्टर तुमच्याच नोट्स चाळतात. महापालिकेकडे नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. नाव आधारवर आहे तसंच द्या. एका अक्षरावरून पेन्शन आणि विम्यासाठी घरच्यांना नंतर चकरा माराव्या लागतात.

राहिल्या वस्तू. चष्मा, कवळी, कानातलं यंत्र, जपमाळ, उशीखालचे पैसे, सगळं दोघींनी मिळून मोजायचं आणि घेणाऱ्याची सही, नातं लिहून घ्यायचं. अंगठी असेल तर 'सोन्याची' न लिहिता 'पिवळ्या धातूची' लिहा. कवळी कपाटातल्या डबीत राहून जाते, ती आठवणीने पाहा. आमच्याकडे एकदा ती अमरधामला (स्मशानभूमीत) निघालेल्या गाडीमागे धावत जाऊन द्यावी लागली होती.