बुडालेल्या शहराचं चित्र: तुमच्या तिन्ही प्रश्नांवर सविस्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, चित्राचा फोटोही मोठा करून पाहिला. आवडत्या अद्भुत कादंबरीतला प्रसंग तुम्ही दीड बाय दोन फुटी कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकमध्ये रंगवताय. तळ्याखाली बुडालेलं शहर एका रात्री दिसू लागतं, मुलगी कंदील घेऊन पायऱ्या उतरते आणि तळाशी निजलेला प्राचीन जलचर डोळा उघडतो. तुमची अडचण अशी, की सगळं पुस्तकाबरहुकूम काढूनही ते सिनेमाच्या पोस्टरसारखं दिसतं, आणि कंदील पिवळा आहे पण उजळत नाही. शिवाय हे चित्र प्रदर्शनात लावता येईल का, असंही विचारलंय. तुम्ही दांडिया बाजारात राहता म्हणून उत्तर बडोद्यातूनच देते, कारण या चित्राला लागणारं जवळजवळ सगळं इथे आहे.

पहिली गोष्ट. चित्रात चंद्र आहे, काठावर सैन्य आहे, शहराचे मनोरे आहेत, मुलगी आहे, जलचर आहे आणि त्याचा उघडा डोळाही आहे. लेखकाला हे एकामागून एक सांगता येतं, त्याच्या हाताशी पानं असतात. तुमच्यापाशी एकच चौकट आहे. अकबराच्या चित्रशाळेत हम्झानामा, म्हणजे अमीर हम्झाच्या साहसकथांचा ग्रंथ, रंगवला गेला, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सुती कापडावर, सुमारे 1400 चित्रं. त्यांच्या मागच्या बाजूला कथेचा मजकूर लिहिलेला असे, म्हणजे चित्र एकीकडे आणि वाचून सांगणं दुसरीकडे. तुमच्या चित्रामागे उभं राहून कुणी वाचून दाखवणार नाही. कादंबरी न वाचलेल्या माणसालाही ते धरून ठेवायला हवं. म्हणून क्षण एकच निवडा, आणि माझं ऐकाल तर डोळा उघडण्याच्या आधीचा. मुलगी उतरतेय, खाली काहीतरी आहे, तिला अजून ठाऊक नाही, पाहणाऱ्याला मात्र शंका आली आहे. डोळा उघडला की पाहणारा तिथेच थांबतो, मुलीकडे परत येत नाही. सैन्य तर आजच पुसून टाका.

त्याच हम्झानाम्याची छापील चित्रं मिळाली तर नीट बघा. राक्षस आणि अजगर आहेत, पण शेजारी फरशीचा एकेक नक्षीदार तुकडा, विटांचे थर, झाडाची पानंसुद्धा जीव ओतून रंगवलेली आहेत. अशक्य गोष्ट शेजारच्या शक्य गोष्टींच्या जोरावर उभी राहते. आपल्याकडे फत्तेसिंगराव संग्रहालयात राजा रविवर्म्याची ‘कंसमाया’ आणि ‘सीता भूमिप्रवेश’ ही चित्रं आहेत. दोन्हींतला प्रसंग डोळ्यांनी कुणी पाहिलेला नाही, तरी कापडाच्या चुण्या, दागिने, अंगाचं वजन इतकं खरं आहे की पुढचं आपण मानूनच घेतो. या कामात मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच: चित्रात न पाहिलेली गोष्ट एकच ठेवा, बाकी सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून आणा. तुमचं शहर आणि जलचर दोन्ही इंटरनेटवरच्या चित्रांवरून आलेले दिसतात, आणि ती चित्रं काढणाऱ्यानेही कुठल्यातरी दुसऱ्या चित्रावरून उचललेली असतात.

पायऱ्यांसाठी सिंधरोटच्या रस्त्याला सेवासीची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, तिथे जा. वही न्या, भर दुपारी जा. वरच्या पायऱ्यांवर ऊन फटफटीत असतं, मग खांबांच्या एकेका मजल्यागणिक ते कमी होत जातं आणि तळाशी नुसता हिरवट काळोख उरतो. दगडाच्या कडा कुठे झिजल्यात, ओल कुठवर चढली आहे, गवत कुठल्या सांध्यातून निघालंय, हे टिपून आणा. तुमच्या चित्रातल्या पायऱ्या सगळ्या सारख्या आहेत, म्हणून त्यांच्यावरून कुणी कधी उतरलं असेल असं वाटत नाही.

जलचरासाठी विश्वामित्री नदी. मगरींच्या गावात राहून आपण ड्रॅगनचे फोटो शोधावेत याचं मला खरंच वाईट वाटतं. थंडीत सकाळी त्या ऊन खायला काठावर येतात. पुलावरून पाहा, काठाला उतरू नका. मानेवरचे आणि पाठीवरचे कठीण खवले वेगवेगळ्या आकाराचे असतात, पोटाकडे कातडं मऊ होत जातं. ओली पाठ जवळजवळ काळी दिसते आणि तिच्यावर बारीक, तुटक चमक असते. वाळली की तीच पाठ गाळाच्या रंगाची. डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या अंगाला असल्याने पाण्याबाहेर तेवढंच दिसतं, ही तर तुमच्यासाठी आयती रचना आहे. मग कमाटीबागेतल्या संग्रहालयात जाऊन देवमाशाचा सांगाडा पाहा. त्याच्या फासळ्यांखाली उभं राहिल्यावर प्रचंड शरीर म्हणजे काय ते मानेला कळतं. जलचर अख्खा दाखवू नका, चौकटीने तो कापला जाऊ दे. एक खवला मुलीच्या पायाखालच्या पायरीएवढा काढा. पायरीची उंची सगळ्यांना ठाऊक असते, त्यामुळे माप आपोआप कळतं.

मुलीचा लोकरी झगा मात्र तसाच ठेवा. गोष्ट थंड प्रदेशातली आहे, तिला नऊवारी नेसवून चित्र आपलं होत नाही.

आता कंदील. तो पिवळा आहे म्हणून उजळेल असं नाही. शेजारचं सगळं किती दबलं आहे, त्यावर ते ठरतं. तुमच्या चित्रात चंद्र पांढरा, मनोऱ्यांच्या कडा पांढऱ्या, पाण्याची चमकही पांढरी, मग ज्योतीला काय उरलं? चंद्र काढून टाका. पांढऱ्याच्या जवळचा रंग फक्त ज्योतीच्या पोटात, तिच्याभोवती पिवळा, मग नारिंगी, आणि तो नारिंगी हाताच्या बोटांवर, झग्याच्या एका कडेवर, जवळच्या पायरीवर. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो, म्हणजे तो फार भराभर मरतो. तुम्ही तो दहा पायऱ्यांपर्यंत नेलाय. तीनपर्यंत आणा, चौथीवर नुसती चाहूल. घरात रात्री दिवे मालवून समई लावा, कुणालातरी शेजारी बसवा आणि बघून काढा. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नका, तो अंधार आपणहून उजळवतो. कंदील हनुवटीखाली धरलेला नको, चेहरा भुताचा होतो. कमरेपाशी, थोडा बाजूला.

पाण्याखालच्या शहराला दुसराच नियम. पाणी आधी लाल रंग शोषतं, मग नारिंगी-पिवळा. खोलात निळा-हिरवा राहतो. तुमच्या शहराच्या विटा लाल आहेत, म्हणून ते पाण्यात नसून निळ्या काचेमागे वाटतं. तिथे लाल अजिबात नको. जितकं खोल तितकं गडद आणि फिकटातलं अंतर कमी, कडा विरघळलेल्या. याचा फायदा कंदिलालाही होतो, कारण सबंध चित्रात ऊबदार रंग एकाच ठिकाणी उरतो.

रंगकामाचं थोडक्यात. कॅनव्हासला हात लावण्याआधी काडेपेटीएवढ्या चौकटींत नुसत्या काळ्या, करड्या, पांढऱ्यात चार-पाच मांडण्या करा आणि हात लांब धरून पाहा. जिच्यात नजर थेट मुलीवर जाते ती निवडा. ट्यूबमधला काळा वापरू नका, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी मिसळा, अंधार जिवंत राहतो. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, तेव्हा खोल पाणी मनात आहे त्यापेक्षा किंचित उजळ लावा आणि वाळल्यावर मिडियम (रंग पारदर्शक करणारं द्रव्य) घालून हिरव्या-निळ्याचे पातळ थर एकावर एक चढवा. थॅलो हिरवा थेंबभरच, तो सगळ्यांना गिळतो. कंदील शेवटी.

प्रदर्शनाबद्दल. कल्पनेवर कुणाची मालकी नसते, ती ज्या शब्दांत आणि चित्रांत मांडली त्यांच्यावर असते. म्हणून मुखपृष्ठावरच्या चित्राची नक्कल नको, आणि कादंबरीतला उतारा फलकावर छापू नका. भारतात लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं हक्क राहतो, तुमची कादंबरी तर अलीकडची आहे. घरी लावायला काहीच अडचण नाही. पण पुस्तकाचं नाव घालून प्रिंट्स विकायच्या असतील, तर आधी प्रकाशकाला पत्र लिहा आणि लेखी होकार घ्या. नव्या मांडण्या तयार झाल्या की इथे टाका, रंग लावण्याआधी पाहीन.