भावाला वकील मिळाला नाही, म्हणून मला वकील व्हायचंय

प्रश्न : मी तासगावची, सांगलीत बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझा मामेभाऊ पुण्यात, शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीत अकाउंट्सला होता. तिमाही निकाल जाहीर व्हायच्या आधीच साहेब लोक नातेवाइकांच्या नावावर शेअर घेतात, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने कंपनीतच तक्रार केली आणि तीन महिन्यांत त्याला राजीनामा द्यायला लावला. आम्ही तीन वकिलांकडे गेलो. तिघेही म्हणाले, हे आमचं काम नाही. अशा लोकांची बाजू घेणारी वकील व्हायचं मी ठरवलंय. अमेरिकेत हे वकील कोट्यवधी कमावतात, असं वाचलं. बाबा म्हणतात, वकिली म्हणजे कोर्टाच्या आवारात टेबल टाकून बसणं. काय करू?

उत्तर :

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन वकिलांनी हात वर केले, हे वाचून वाईट वाटलं. कारण नियमाने पाहिलं तर त्या तिघांपैकी कुणालाही हे काम करता आलं असतं.

सेबी म्हणजे शेअर बाजाराची नियामक संस्था. तिच्या 2015 च्या इनसायडर ट्रेडिंगच्या, म्हणजे कंपनीच्या जाहीर न झालेल्या माहितीवर शेअरचा व्यवहार करण्याविरुद्धच्या, नियमांत 2019 साली एक नवा भाग आला. 26 डिसेंबर 2019 पासून तो लागू आहे. आतल्या माहितीवर शेअरची खरेदी-विक्री झाली, असं ज्याला ठाऊक आहे त्याने एक ठरावीक फॉर्म भरून सेबीकडे द्यायचा. माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणासाठी सेबीने वेगळं कार्यालयच ठेवलंय. हा फॉर्म वकिलामार्फत देता येतो, आणि वकील म्हणजे भारतात वकिली करण्याची सनद असलेली कुणीही व्यक्ती. मग तिचं ऑफिस मुंबईत असो नाहीतर सांगलीच्या विश्रामबागेत. त्या वकिलाने माणसाची ओळख स्वतः पडताळायची, मूळ फॉर्म स्वतःजवळ ठेवायचा आणि सेबीने मागितल्याशिवाय नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही. वकिलाशिवाय फॉर्म दिला, तर खातरजमेसाठी सेबी त्या माणसाला समक्ष बोलावू शकते. वसुली झाली तर रकमेच्या 10 टक्क्यांपर्यंत बक्षीस मिळू शकतं. त्याची कमाल मर्यादा आधी 1 कोटी होती, 2021 मध्ये ती 10 कोटी झाली.

आता भावाचं कुठे चुकलं, ते बघ. चुकलं म्हणजे दोष त्याचा नाही, त्याला सांगणारं कुणी नव्हतं. फॉर्म देणाऱ्या कर्मचाऱ्याला काढणं, खालच्या पदावर आणणं, छळणं याविरुद्ध संरक्षण त्या नियमांत आहे. पण त्यासाठी फॉर्म सेबीकडे पोचलेला असावा लागतो. कंपनीतल्या तक्रारीसाठी वेगळी वाट आहे. कंपनी कायदा 2013 च्या कलम 177 नुसार नोंदलेल्या कंपनीत तक्रारीची यंत्रणा असायलाच हवी, आणि अपवादात्मक प्रसंगी थेट ऑडिट कमिटीच्या, म्हणजे हिशेबांवर देखरेख ठेवणाऱ्या संचालकांच्या समितीच्या, अध्यक्षांकडे जाता येतं. तुझा भाऊ बहुधा आपल्याच साहेबाच्या साहेबाकडे गेला असणार. अमेरिकेतही हाच मुद्दा आहे. 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फक्त कंपनीतच तक्रार केली आणि बाजाराच्या नियामकाकडे केली नाही, तर 2010 च्या कायद्याचं संरक्षण लागू होत नाही. कोणतं दार आधी ठोठवायचं हे वेळेवर सांगणं, ही या वकिलीतली निम्मी कामगिरी आहे. भावाला सांग, नोकरी गेली म्हणून दार बंद झालेलं नाही. आजही फॉर्म देता येईल, फक्त उशीर करू नये.

आता पैशाचं बोलू. अमेरिकेत दंड 10 लाख डॉलरच्या वर गेला, तर माहिती देणाऱ्याला त्यातले 10 ते 30 टक्के मिळतात. 2023 मध्ये एकाच व्यक्तीला जवळपास 28 कोटी डॉलर मिळाले. नाव लपवून तक्रार करायची, तर तिथे वकील सक्तीचाच आहे, आणि वकील त्या बक्षिसात हिस्सा घेऊ शकतो. तू वाचलेले कोट्यवधी इथून येतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी यावर बंदी आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटा घ्यायचा नाही. त्यामुळे फक्त अशा तक्रारींवर घर चालवणारा वकील भारतात आजतरी निघणं अवघड. सेबीची ही बक्षीस योजनाही इनसायडर ट्रेडिंगपुरतीच आहे. खोटे हिशेब लिहिणं, भाव फुगवणं या तक्रारी सेबीकडे नेता येतात, या योजनेतलं बक्षीस मात्र नाही. आणि 2014 चा व्हिसलब्लोअर, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा सरकारी नोकरांविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे. तोही अजून लागू झालेला नाही.

म्हणून माझा सल्ला असा. वकिली कर, पण ती सिक्युरिटीज कायद्याची, म्हणजे शेअर-रोख्यांच्या व्यवहारांच्या कायद्याची. सेबीच्या नोटिसांना उत्तरं, सेबीच्या आदेशांविरुद्ध मुंबईच्या सिक्युरिटीज अपिलेट ट्रिब्युनल या न्यायाधिकरणातली अपिलं, कंपन्यांना नियम समजावणं, या कामांवर पोट चालेल. भावासारखी माणसं तुझ्याकडे त्यातूनच येतील.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला होता. मोबाइलमध्ये खातेवहीच्या एकवीस पानांचे फोटो. मी विचारलं, हे फोटो तू स्वतःला कसे पाठवलेस? म्हणाला, ऑफिसच्या मेलवरून. कंपनीला कळायला आणखी काय हवं होतं? मी त्याला त्याच दिवशी वकिलाकडे पाठवलं, पण तोवर आठवडा उलटून गेला होता. तुझ्यापुढे अशी पानं येतील तेव्हा त्यातलं काय त्याने स्वतः पाहिलंय, काय ऐकीव आहे, कोणत्या तारखेला कुणाला काय ठाऊक होतं, हे वेगळं काढावं लागेल. तिमाही संपल्यापासून निकालानंतरचे 48 तास उलटेपर्यंत आतल्या लोकांना शेअरची खरेदी-विक्री बंद असते. व्यवहार त्या मुदतीत झाला का, हे बी.कॉम. केलेली मुलगी एका बैठकीत सांगू शकते. म्हणून बी.कॉम. अर्धवट सोडू नकोस.

शेवटच्या वर्षात तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी दे. सांगलीत लॉ कॉलेज आहेत, साताऱ्यात इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेज आहे, आणि पुण्याचं आयएलएस मिळालं तर उत्तमच. सुट्ट्यांत मात्र मुंबईला जा, सिक्युरिटीजचं काम करणाऱ्या वकिलाकडे इंटर्नशिप माग. एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेच्या परीक्षाही करून ठेव. वकिली करायला ऑल इंडिया बार परीक्षाही द्यावी लागते. ज्युनिअरशिपची पहिली दोन-तीन वर्षं हातात फार काही पडत नाही, हे घरी आत्ताच सांगून ठेव. सेबीत ग्रेड ए अधिकाऱ्यांच्या भरतीत कायद्याची शाखा असते, तीही डोळ्यासमोर असू दे.

बाबांना माझ्याकडे घेऊन ये. त्यांची भीती पैशाची आहे की मुंबईची, ते समोरासमोर बोलू. येताना कोणत्याही एका नोंदलेल्या कंपनीचा वार्षिक अहवाल काढून आण. त्यात तक्रार यंत्रणेचा परिच्छेद असतो, त्यावर पेन्सिलने खूण करून ठेव. भावाच्या कंपनीचा मिळाला तर तोच आण.