आईबाबा पहिल्यांदाच लंडनला येताहेत?

त्यांना फिरवण्यासाठी तुम्ही आखलेलं वेळापत्रक पाहिलं. आधी त्यातले पहिले तीन दिवस मोकळे करा. जूनमध्ये भारताच्या घड्याळाशी फरक साडेचार तासांचाच असतो, पण इथे रात्री साडेनऊलाही उजेड असतो आणि त्यामुळे झोपेचं सगळंच बिनसतं. पडदे ओढून घ्या, वरण-भात लवकर वाढा.

ट्यूबपेक्षा, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेपेक्षा, बस बरी. बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही आणि एकदा गुडघे दुखू लागले की पुढचा दिवस गेलाच. तासाभरात कितीही बस बदलल्या तरी भाडं एकदाच कापलं जातं. फक्त कार्ड प्रत्येकाचं वेगळं हवं.

राजवाडा, बिग बेन एका सकाळीत उरकतात. खरा वेळ प्रिमरोज हिल या टेकडीवरच्या बागेला द्या. तिथून जवळच, १० किंग हेन्रीज रोडवर, १९२१-२२ मध्ये बाबासाहेब शिकताना राहत होते. महाराष्ट्र सरकारने ते घर विकत घेऊन स्मारक केलंय. उघडं असण्याच्या वेळा आधी बघून जा आणि आत घाई करू नका. मेडा व्हेलला हौली प्लेसमध्ये टिळक राहिलेल्या घरावर त्यांच्या स्मरणार्थ निळी पाटी आहे, तीही दाखवा.

आणि तुमचा रोजचा रस्ता, वाण्याचं दुकान, ऑफिसची इमारत नक्की दाखवा. आईला सगळ्यात जास्त तेच बघायचं असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी बाबांना एकट्याने दूध आणायला जाऊ द्या, खिशात पत्त्याची चिठ्ठी देऊन.

प्रवासाचा वैद्यकीय विमा मात्र भारतातूनच काढून यायला सांगा.