‘उचित’ म्हणजे फुकट

पाऊस उघडीप देऊ लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. जून-जुलैत प्रवेश, फी आणि वसतिगृह. आता ‘अक्का, अमुक व्याख्यानाला आम्ही गेलो तर चालतंय काय?’ बेळगावातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी 31 वर्षं काउंटरला बसले. त्यातली वीसेक वर्षं सूचना फलकाची किल्ली माझ्याच कनवटीला होती. तेवढ्या अधिकारावर ही उत्तरं.

अक्का, मी खानापूर तालुक्यातली, मराठी शाळेत शिकलेली. आता विद्यापीठात एम. ए. च्या पहिल्या वर्षाला आहे. आवारात दर आठवड्याला काहीतरी असतं, पण फलकावर सगळं कन्नडमध्ये. शाळेत कन्नड विषय होता, पण पास होण्यापुरता. बोललेलं समजतं, वाचताना जोडाक्षर आलं की अडते. मैत्रिणींना सारखं विचारायची लाज वाटते.

बाळ, लाज वाटू दे, पण फलकासमोर उभी राहा. त्यातला निम्मा मजकूर तुझाच आहे. स्थळ म्हणजे स्थळ, समय म्हणजे समय, नाटक म्हणजे नाटक. ‘संजे’ म्हणजे आपली सांज. अडचण होते ती ओळखीचा चेहरा करून भलताच अर्थ सांगणाऱ्या शब्दांची. ‘उचित प्रवेश’ वाचून माझी एक मैत्रीण मागं फिरली होती. तिला वाटलं, योग्य त्या माणसांनाच प्रवेश आहे. कन्नडमध्ये उचित म्हणजे फुकट! ‘पुस्तक बिडुगडे’ म्हणजे पुस्तक प्रकाशन. तुरुंगातून सुटका होते तीही बिडुगडेच, म्हणून पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी शिपायाला विचारलं होतं, कोण सुटून आलंय रे? ‘विचार संकिरण’ म्हणजे चर्चासत्र, ‘कविगोष्ठी’ म्हणजे कवी संमेलन, ‘भानुवार’ म्हणजे रविवार. आणि खाली ‘सर्वरिगू स्वागत’ असेल तर सगळ्यांना या म्हटलंय. त्यात तूही आलीस आणि मीही.

सगळ्यात मोठी फजिती ‘उपन्यास’ ह्या शब्दानं केली. मी राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिलेल्या, त्यामुळे उपन्यास म्हणजे कादंबरी हे डोक्यात पक्कं. धारवाडला असताना फलकावर वाचलं आणि कादंबरीचं वाचन असेल म्हणून पहिल्या रांगेत जाऊन बसले. कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान, आणि ते निघालं भूजलावर. उठून कसं जायचं? दोन तास बसले. जांभ्या दगडाला सगळीकडे छिद्रं असतात, त्यातून पाणी भरभर मुरतं आणि तसंच उताराला निघूनही जातं, हे तिथं ऐकलं. आमच्या अंगणातली विहीर चार महिने काठोकाठ असून मे महिन्यात खडखडीत का होते, ते एका चुकीच्या शब्दामुळं मला कळलं. कादंबरीला कन्नडमध्येही कादंबरीच म्हणतात, हे कुणी आधी सांगितलं असतं तर ते व्याख्यान हुकलं असतं.

आता जोडाक्षरांचं. एकच शब्द घे : कार्यक्रम. तो प्रत्येक सूचनेत असतोच. ‘क्र’ मध्ये दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी लोंबतं. कन्नडमधली बहुतेक जोडाक्षरं अशीच, खाली बघायचं. ‘र्य’ मध्ये मात्र आपला रफार डोक्यावर बसतो, त्यांचा अक्षराच्या उजव्या अंगाला येतो. तो कन्नड नऊच्या आकड्यासारखा दिसतो, पण वाचायचा अक्षराच्या आधी. हा शब्द घोटलास की दोन्ही नियम हातात आले. बाकी क-ख-ग-घ चा क्रम तोच, ‘ळ’ ही आहे. फक्त ए आणि ओ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन. रोज जेवायला जाताना एक सूचना वाच. दिवाळीपर्यंत मैत्रिणी तुलाच विचारतील.

माझी मुलगी कॉलेजात आहे. संध्याकाळच्या कार्यक्रमाला थांबते म्हणते. परतीच्या बसचा घोर लागतो. नको म्हणू का? (एक आई, नंदगड)

नको म्हणू नका. तिकिटाचा तर प्रश्नच नाही. जून 2023 पासून राज्यातल्या साध्या सरकारी बसला बायकांना शून्य तिकीट आहे, कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र जवळ असलं की झालं. प्रश्न वेळेचा. शेवटच्या बसवर भिस्त ठेवू नये, तिच्या आधीची धरावी. गावातली आणखी एक मुलगी सोबतीला बघा. आणि लेकीला सांगा, आभारप्रदर्शन सुरू झालं की उठायचं. आभार सोडून गेल्याचं पाप लागत नाही, मी कित्येकदा गेलेय.

बाई, आमचं शिक्षण सातवीपर्यंत. विद्यापीठातले कार्यक्रम हे शिकलेल्यांचे. आमच्यासारख्या शेतकऱ्यांना तिथं कोण विचारतो? (एक वाचक, बेळगाव तालुका)

मामा, आवारात गर्दी बघायची तर धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाचा कृषिमेळा बघा की. विद्यापीठ 1986 सालचं. मेळा बहुतेक वर्षी सप्टेंबरात चार दिवस भरतो. ट्रॅक्टर-टेम्पोनं माणसं येतात, बियाण्यासाठी रांगा लागतात, आणि प्राध्यापक मंडळी उन्हात उभं राहून शेतकऱ्यांशी बोलत असतात. तिथं कमीपणा वाटलाच तर आमच्यासारख्या कुंडीत कोथिंबीर लावणाऱ्यांना वाटतो.

जाताना दोन-तीन गोष्टी करा. सोयाबीन, भुईमूग, जे काही रोगट वाटतंय त्याचं अख्खं झाड मुळासकट उपटून वर्तमानपत्रात गुंडाळून न्या. नुसतं पान नेऊ नका, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, संध्याकाळपर्यंत त्याचा चिखल होतो. मग शास्त्रज्ञ तरी काय सांगणार? कुठलं खत, कुठलं औषध, कधी मारलं, ते चिठ्ठीवर लिहून न्या. बियाणं घ्यायचं असेल तर आपली पोती आपणच न्यावीत. रविवार टाळा. त्या दिवशी स्टॉलवर विचारायला गेलं की मागून रेटा येतो.

नातवंडं बरोबर असतील तर किड्यांचं प्रदर्शन चुकवू नका. काड्यांसारखे किडे, पानासारखे किडे, मधमाश्या, रेशीम. माझ्या भाचीचा मुलगा तिथून हलायलाच तयार नव्हता. शेवटी त्याच्या आईनं बियाण्याची रांग सोडून दिली.

आम्ही मराठी एकांकिका बसवतोय. युवक महोत्सवात मराठी चालणार नाही असं एक सर म्हणतात, दुसरे म्हणतात चालेल. (दोन विद्यार्थी, निपाणी)

सरांच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा नियमाच्या कागदाकडे बघा. तुमच्या विद्यापीठाची ह्या वर्षीची नियमावली कॉलेजच्या सांस्कृतिक विभागाकडे येते, ती लेखी मागा. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या युवक महोत्सवाच्या नियमांत एकांकिका हिंदी, इंग्रजी किंवा प्रादेशिक भाषेत करता येते. प्रादेशिक असेल तर कथासार हिंदीत किंवा इंग्रजीत नोंदणीच्या दिवशी द्यायचं. पोरं नेमकी इथंच घसरतात. तालमी दोन महिने आणि कथासार आदल्या रात्री बसमध्ये, गुडघ्यावर वही ठेवून. ते आत्ता लिहा, आणि परीक्षकाला मराठीचा एक शब्द येत नाही असं धरून लिहा.

वेळ 30 मिनिटं, तीही रिकामा रंगमंच ते रिकामा रंगमंच अशी मोजतात. म्हणजे पडदा पडल्यावर तुमची खुर्ची स्टेजवर राहिली तर घड्याळ चालूच. एकदा एका संघाचा पाळणा विंगेत अडकला होता, मी प्रेक्षकांत होते. नाटक सुरेख झालं होतं, पण पाळणा काही निघेना. सामान कमी ठेवा. पाळणा नकोच.

मी महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या विभागाच्या व्याख्यानाला आमचेच वीस विद्यार्थी, तेही हजेरी लागते म्हणून. आवारातली बाकीची माणसं यावीत म्हणून काय करू?

बाईसाहेब, तुमचा कार्यक्रम 27 फेब्रुवारीला असतो ना? कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी. सगळ्यांचाच असतो. त्या आठवड्यात वक्ते मिळत नाहीत, मिळाले तर दोन कार्यक्रमांच्या मध्ये घाईत येतात. तो दिवस राहू दे, पण त्याच्याआधी 31 जानेवारी घ्या. द. रा. बेंद्रे यांचा जन्मदिवस, 1896 चा, धारवाडचा. कन्नडचे एवढे मोठे कवी, 1973 चं ज्ञानपीठ मिळालेले, आणि घरात बोलायचे मराठी. सोलापूरच्या महाविद्यालयात कन्नड शिकवायला होते. कन्नड विभागाला त्यांची कविता म्हणू दे, तुमच्या मुलांनी मराठीत अर्थ सांगावा. मुलांनीच करायचा, प्राध्यापकांनी नव्हे. चुकतील, आणि चुकले की सभागृहातून दहा जण दुरुस्त करतील. मला तर तेच ऐकायला आवडेल.

त्याच्या उलट 8 एप्रिल. कुमार गंधर्व 1924 साली सुळेभावीत जन्मले, म्हणजे बेळगावच्या वेशीवर. नाव शिवपुत्र कोमकाळीमठ, घर कन्नड, आणि मराठी माणूस त्यांची भजनं, नाट्यपदं आपल्या घरातली समजतो. एक मराठी घरातून निघून कन्नडचा झाला, दुसरा कन्नड घरातून मराठीचा. ह्या दोघांना एकाच पत्रिकेवर आणणारा कार्यक्रम मी बेळगावात अजून बघितला नाही. परीक्षा जवळ असतात म्हणाल, तर दोन्ही जानेवारीतच उरका. जन्मतारखेवर अडून बसू नका.

पत्रिका दोन्ही लिप्यांत छापा. आधी कुठली, ह्यावर विभागात वाद होईल. आमच्याकडे व्हायचा तेव्हा मी कागदाच्या दोन बाजूंना दोन लिप्या छापून घ्यायची. फलकावर दोन प्रती, एक सुलटी आणि एक उलटी. आणि ती फक्त मराठी विभागाच्या दाराला चिकटवू नका. कँटीन, मुलींच्या वसतिगृहाचा जिना, बसथांबा, झेरॉक्सचं दुकान. माझ्या अनुभवात झेरॉक्सवाला जेवढी माणसं पाठवतो तेवढी प्राचार्य पाठवत नाहीत. त्याला कार्यक्रमाच्या दिवशी चहाला मात्र बोलवा.

हजेरी घेणं बंद करा, हे तुम्हाला आवडणार नाही. पहिल्या खेपेला सात जण येतील. वक्त्याला आधीच कल्पना द्या आणि खुर्च्या पंधराच मांडा. शंभर खुर्च्यांत सात माणसं बसली की वक्ता बिचारा मागच्या भिंतीशी बोलायला लागतो.

अक्का, 4 वाजताचा कार्यक्रम खरोखर किती वाजता सुरू होतो?

पत्रिकेवरची नावं मोजा, प्रत्येकी 7 मिनिटं धरा, त्यानंतर मुख्य वक्ता. मंत्री असतील तर ते पोचल्यावर मोजायला सुरुवात करा. मागच्या थंडीत एका पत्रिकेवर 14 नावं होती. मी विणकामाची पिशवी घेऊन गेले. वक्ते उभे राहिले तेव्हा स्वेटरची एक बाही पुरी झाली होती.